पबमधली भुतं आणि बेवारस माणसं

स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात किल्ल्याच्या पायथ्याशी ग्रासमार्केट नावाचा जुना बाजारचौक आहे. आज तिथे ओळीने पब आहेत. संध्याकाळ झाली की पर्यटकांचे घोळके गाइडच्या मागून एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये जाताना दिसतात. याला तिथे 'घोस्ट टूर' म्हणतात. प्रत्येक ठिकाणी एक पेला आणि एक भूत, असा साधा हिशेब असतो. अशाच एका टूरमध्ये मीही गेलो. मी दारू पीत नाही, त्यामुळे माझ्या पेल्यात संत्र्याचा रस होता. गोष्टी मात्र सगळ्यांसाठी सारख्याच होत्या.

ग्रासमार्केटला भुतांची वाण नाही, कारण १७८४पर्यंत इथे जाहीर फाशी दिली जायची. सतराव्या शतकात राजाची धर्मसत्ता न मानणारे प्रोटेस्टंट, म्हणजे कव्हेनंटर, इथेच फासावर गेले. 'द लास्ट ड्रॉप' या पबच्या नावात दारूचा शेवटचा थेंब आहे आणि फाशीच्या दोराला लागणारा शेवटचा झटकाही. शेजारच्या पबला मॅगी डिक्सनचं नाव आहे. तिला १७२४मध्ये इथे फाशी झाली, पण दफनासाठी नेताना ती जिवंत निघाली आणि पुढे अनेक वर्षं जगली.

मग 'व्हाइट हार्ट इन'मध्ये बर्क आणि हेअर यांची गोष्ट आली. हे दोघे इथे सावज हेरायला यायचे असं सांगतात. गाइडने आवाज खाली आणला आणि खुनी कसे क्रूर होते ते रंगवून सांगितलं. मेलेल्यांची नावं मात्र आली नाहीत. मला तीच ऐकायची होती.

त्या काळी एडिनबरा वैद्यकीय शिक्षणासाठी युरोपभर प्रसिद्ध होतं. विद्यार्थी शेकड्यांनी येत, पण विच्छेदनासाठी कायदेशीर मार्गाने मिळणारी प्रेतं फारच थोडी होती. त्यामुळे कबरी उकरून प्रेतं विकण्याचा धंदा फोफावला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी कबरींवर लोखंडी पिंजरे बसवले. ग्रासमार्केटजवळच्या ग्रेफ्रायर्स कब्रस्तानात ते आजही दिसतात. गरिबाच्या कबरीवर पिंजरा नव्हता.

बर्क आणि हेअर हे आयर्लंडमधून पोटासाठी आलेले मजूर. ग्रासमार्केटला लागूनच वेस्ट पोर्ट भागात हेअरचं भाडोत्री खोल्यांचं घर होतं. नोव्हेंबर १८२७मध्ये तिथे डोनाल्ड नावाचा एक म्हातारा पेन्शनर भाडं थकवून आजाराने वारला. दोघांनी त्याचं प्रेत डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या शरीररचनेच्या शाळेत साडेसात पौंडांना विकलं. पुढच्या वर्षभरात त्यांनी सोळा जणांचे खून केले. पद्धत ठरलेली होती. आपलेपणाने घरी बोलवायचं, व्हिस्की पाजायची आणि शुद्ध हरपली की नाक-तोंड दाबायचं.

सोळांमध्ये कोण होते? मेरी पॅटरसन ही तरुणी. जेमी विल्सन हा अठरा वर्षांचा, पायाने अधू आणि मनाने भोळा मुलगा, रस्त्यांवरच राहणारा. काही विद्यार्थ्यांनी त्याचं प्रेत ओळखलं, पण तो जेमी नव्हेच, असं नॉक्स म्हणाले. शेवटची मार्गारेट डोकर्टी. ती आपल्या मुलाला शोधत आयर्लंडहून आली होती. ३१ ऑक्टोबर १८२८ रोजी दारूच्या दुकानात बर्कने तिला गाठलं. माझी आईही डोकर्टीच, असं सांगून त्याने नातं जोडलं आणि तिला घरी नेलं. परक्या शहरात नात्याचा एक शब्द तिला पुरेसा झाला.

हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला. बर्कला २८ जानेवारी १८२९ रोजी फाशी झाली आणि त्याच्याच देहाचं विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. नॉक्स यांच्यावर खटला झाला नाही.

टूर इथे संपते. खरी गोष्ट पुढेच आहे. १८३२मध्ये ब्रिटिश संसदेने अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट केला. ज्या मृतांवर कुणी हक्क सांगत नाही त्यांचे देह शरीररचनेच्या शाळांना देता येऊ लागले. प्रत्यक्षात ते अनाथ-गरिबांच्या वर्कहाऊसमधून आले. प्रेतांची चोरी थांबली, खुनाचं कारण उरलं नाही. पण आधी ज्यांचे देह विकले जात होते, त्याच माणसांचे देह आता कायद्याने मिळू लागले.

हा कायदा आपल्याला परका नाही. १९४९च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टनुसार आपल्याकडेही बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. ब्रिटनमध्ये आता माणसाने हयातीत लेखी संमती दिली असेल तरच त्याचा देह घेतात. आपल्याकडे देहदानाची चळवळ आहे, पण बेवारसांचा रस्ताही खुला आहे. डॉक्टर घडायला देह लागतो, याला माझा विरोध नाही. स्वेच्छेने देह देणाऱ्याबद्दल मला आदर आहे. प्रश्न न विचारता घेतलेल्यांचा आहे.

इस्लाममध्ये जनाजा फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी तो अदा केला तर सगळ्यांची जबाबदारी सुटते, कुणीच केला नाही तर सगळेच गुन्हेगार ठरतात. म्हणूनच आपल्या मोहल्ल्यांतून लावारिस मय्यतीला गुस्ल, कफन देऊन दफन करणारी माणसं निघतात. त्यांचं काम मोठं आहे. पण ते मृत्यूनंतर सुरू होतं. लोकलखाली सापडलेला बिहारचा मजूर किंवा फुटपाथवर गेलेली म्हातारी खरोखर बेवारस असते का? बहुतेकदा तिचं घर दूर असतं आणि तिथवर खबर पोचलेली नसते. शेजारच्या खोलीत कोण राहतो, कुठल्या गावचा, घरचा फोन नंबर काय, एवढं आपण त्याच्या हयातीत विचारून ठेवलं तरी त्याच्या कागदावर 'बेवारस' हा शिक्का पडणार नाही.