उमेदवार कार्यकर्त्यांनी निवडावा

२३. परभणीच्या काँग्रेस कार्यकर्त्यांची ही मागणी कधी पूर्ण झाली नाही; २०१४च्या लोकसभेत जागा आघाडीतल्या राष्ट्रवादीकडे होती. त्याच वर्षी राहुल गांधींच्या आग्रहाने मोजक्या मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान झाले, त्यात वर्धा आणि परभणीशेजारचे लातूर होते. मतदानाचा हक्क मुख्यतः पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होता. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे पुत्र सागर आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस समोरासमोर आले, म्हणजे जिल्ह्यातले जुने दोन गटच. सागर मेघे जिंकले, पण लोकसभेला पडले. लातुरात दत्तात्रय बनसोडेही. हरलेल्या गटाला प्रचारात ओढून घेण्याची तजवीजच नव्हती, हा आमच्या मते खरा दोष. पुढे दत्ता मेघे भाजपमध्ये गेले. २०१९ला उमेदवारी टोकस यांना मिळाली, ती दिल्लीहून.