अ‍ॅनिमेचे संगीत आणि चार तंतुवाद्ये

अ‍ॅनिमेचे पार्श्वसंगीत चित्राविना ऐकण्याची सवय जपानी श्रोत्यांना प्रथम तबकड्यांनी लावली. ओसामु तेझुका यांच्या ‘जंगल तायतेई’ या १९६५च्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी इसाओ तोमिता यांनी वाद्यवृंदाचे संगीत रचले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी त्यातल्या सुरावटी गुंफून मुलांसाठी एक सिम्फनी-काव्य तयार केले.

खरे वळण मात्र १९७७चे. ‘अंतराळ युद्धनौका यामातो’ या मालिकेचे १९७४ मधले पहिले प्रक्षेपण फारसे कोणी पाहिले नव्हते. पुनःप्रक्षेपणाने तिला चाहते मिळाले आणि १९७७ मध्ये तिचा चित्रपट आला. त्याच वर्षाच्या अखेरीस संगीतकार हिरोशी मियागावा यांनी ‘सिम्फॉनिक सूट यामातो’ ही तबकडी काढली. मालिकेच्या फिती जोडून भागवण्याऐवजी त्यांनी तेच संगीत मोठ्या वाद्यवृंदासाठी नव्याने बांधून ध्वनिमुद्रित केले. तिच्या आरंभी काझुको कावाशिमा यांचा शब्दांविना आलाप आहे आणि त्यातूनच अंतराळाची पोकळी उभी राहते. ही तबकडी भरपूर खपली, आणि मालिकांच्या संगीताचे असे ‘सूट’ काढण्याची रीत पडली.

अ‍ॅनिमेत तंतुवाद्यांना इतके महत्त्व का आले, याचे एक कारण बहुधा काटकसरीत आहे. दूरचित्रवाणीसाठी कमी रेखाटनांत काम भागवावे लागे. चेहरा स्थिर, हलतात ते फक्त ओठ आणि डोळे. अशा चित्रात भावना भरण्याचे काम व्हायोलिनच्या लांब स्वरांवर पडले.

१९८४च्या ‘नाउसिका’पासून दिग्दर्शक हायाओ मियाझाकी आणि संगीतकार जो हिसाइशी ही जोडी जमली. तिला पंचवीस वर्षे होत आली तेव्हा, ऑगस्ट २००८ मध्ये, तोक्योच्या बुदोकानमध्ये हिसाइशींचा कार्यक्रम झाला. सुमारे २०० वादक आणि ८०० गायकांचा समूहस्वर एवढा त्याचा थाट होता. १९६४च्या ऑलिंपिकमधल्या जुदोसाठी बांधलेली ही वास्तू तोवर मोठ्या मैफलींना सरावलेली होती.

चार तंतुवाद्यांवरच्या चौघांच्या वादनाचे चित्र अ‍ॅनिमेने आपणही रंगवले आहे. १९९७च्या ‘इव्हँजेलियन : डेथ’ या चित्रपटात त्यातली पात्रे शिंजी चेलो, रेई व्हिओला, आसुका आणि कावोरु व्हायोलिन घेऊन शाळेच्या सभागृहात बसतात. वाजवायचा असतो पाखेलबेलचा कॅनन.

मेणबत्त्यांच्या उजेडातल्या मैफली हा त्यामानाने ताजा प्रकार. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चमध्ये अशा मैफली पूर्वीपासून होत होत्या, पण त्या बारोक संगीताच्या. ‘फीव्हर’ या कंपनीने २०१९ मध्ये ‘कँडललाइट’ या नावाने या कल्पनेचा व्यवसाय केला आणि लवकरच त्यात चार तंतुवाद्यांवर वाजवलेला अ‍ॅनिमेचा कार्यक्रम आला. चर्च, जुनी नाट्यगृहे, संग्रहालये अशा जागी शेकडो दिवे मांडतात. बहुतेक ठिकाणी ते बॅटरीवरचे असतात, म्हणून जुन्या लाकडी वास्तूंचे मालकही हरकत घेत नाहीत. कार्यक्रम साधारण तासाभराचा असतो.

साठ-सत्तर वाद्यांची रचना चौघांवर आणताना पहिले व्हायोलिन गायकाची धून उचलते. दुसरे व्हायोलिन आणि व्हिओला मधला स्वरमेळ भरतात, तर चेलोला खर्ज आणि ताल दोन्ही सांभाळावे लागतात. ढोलाचा ठेका तारा छेडून किंवा गजाच्या आखूड फटक्यांनी काढतात. हिसाइशींच्या संथ धुना या रूपात छान जमतात. ‘अटॅक ऑन टायटन’ या मालिकेचे युद्धसंगीत मात्र पितळी वाद्ये आणि समूहगानाशिवाय अपुरेच वाटते.