तेंदूपानाचा व्यापार आणि गावची शाळा

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत वसलेले बपेरा हे गाव ज्या मुलुखात मोडते, तो मुलूख पिढ्यान्‌पिढ्या धान, तेंदूपान आणि मँगनीज या तीन वस्तूंवर पोसला गेला आहे. या वस्तूंच्या व्यापारातून जी संपत्ती निर्माण झाली, तिचा काही अंश येथील मुलांच्या शिक्षणाकडे कसा वळला, याचा वृत्तान्त भंडारा जिल्ह्याच्या इतिहासात सहसा स्वतंत्रपणे सांगितला जात नाही; आणि तरीही शाळा व व्यवसाय यांच्या सहकार्याचा आज जो विचार चालला आहे, त्याला दिशा देण्याचे सामर्थ्य याच वृत्तान्तात आहे.

१८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली, तेव्हा गावचा कारभार मालगुजाराच्या, म्हणजे शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, हाती होता. पुढे शेतसाऱ्याबरोबर शाळापट्टी वसूल होऊ लागली, परंतु त्या तुटपुंज्या रकमेत प्रत्येक गावी शिक्षक नेमणे सरकारास शक्य नव्हते. ही उणीव ओळखून प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळातील पंडित रविशंकर शुक्ल यांनी १९३८ च्या सुमारास विद्यामंदिर योजना पुढे आणली. सालीना सुमारे दोनशे रुपये उत्पन्न देणारी जमीन दात्याने शाळेच्या नावे करून द्यावी आणि त्या उत्पन्नातून शिक्षकाचा योगक्षेम चालावा, अशी ती व्यवस्था होती. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा राजाश्रय सुटला, आणि १९५१ मध्ये मालगुजारीही संपुष्टात आली.

जमीनदाराचे स्थान हळूहळू व्यापाऱ्याने घेतले. रेल्वे आल्यावर गोंदिया, तुमसर या पेठांतून बिडीचा धंदा वाढीस लागला. हा धंदा कारखान्याच्या भिंतींत मावणारा नव्हता. तो घराघरांत, ओसरीवर चालत असे. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूची पाने तोडून, त्यांचे पुडे बांधून ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, द्यावयाचे. नंतर भिजविलेले पान पत्र्याच्या मापाने कापून, त्यात चिमूटभर तंबाखू घालून ते वळावयाचे, दोऱ्याने बांधावयाचे आणि तोंड दुमडून बंद करावयाचे. यांतील तोंड दुमडण्याचे काम पुष्कळदा घरातील मुलांकडे येई, कारण हजाराचा हिशेब पुरा झाल्याखेरीज सट्टेदार, म्हणजे बिडीचा कंत्राटदार, मजुरी देत नसे, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचा तोटा वळणाऱ्या बाईच्याच माथी बसे. ज्या हातांत पाटी असावयाची त्या हातांत पान आले. या धंद्याने शाळेला केलेली मदत म्हणजे उपकार नसून ऋणमोचन आहे, असे मी मानतो ते याच कारणास्तव.

हे ऋण फेडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न मनोहरभाई पटेल यांनी केला. गुजरातेतून गोंदियास आलेले, स्वतःचे शालेय शिक्षण अल्प असलेले हे बिडी व्यावसायिक होते. १९५६ साली भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांनी गोंदिया शिक्षण संस्थेची स्थापना केली. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. त्यापूर्वीच्या विस्तीर्ण भंडारा जिल्ह्यात, जेथे प्राथमिक शाळेपुढे शिक्षणाची वाट खुंटत असे, अशा खेड्यापाड्यांत तिने माध्यमिक शाळा काढल्या. तुमसर येथील तिच्या महाविद्यालयाच्या नावात मोर आणि सराफ ही घराणी आजही वाचावयास मिळतात.

परंतु दात्याचे औदार्य दात्याच्या आयुष्याइतकेच टिकते, ते पुढे चालविण्यास कायदा लागतो. १९७६ च्या बिडी कामगार कल्याण निधी अधिनियमाने बिडीवरील उपकरातून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळण्याची सोय झाली, आणि व्यापाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली गोष्ट मुलाचा हक्क ठरली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर तो उपकर रद्द झाला. दुसरीकडे, २०१३ च्या कंपनी अधिनियमाने मोठ्या कंपन्यांना गत तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. मात्र गावची भातगिरणी, खताचे दुकान किंवा वीटभट्टी त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

या सर्व इतिहासाचा माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो: जेथे मदतीला लेखी दस्त, ठरलेली रक्कम आणि गावासमोर वाचला जाणारा जमाखर्च यांचा आधार असतो, तेथेच ती दात्यामागे उरते. बपेऱ्यातील आणि आसपासच्या व्यावसायिकांनी शाळा व्यवस्थापन समितीबरोबर बसून, वर्षाकाठी काय देणार, कशासाठी देणार आणि त्याचा हिशेब कोण ठेवणार, एवढे तरी कागदावर उतरवावे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर वर्षी आणि ठरल्या तिथीला शाळेच्या खात्यावर जमा झाली पाहिजे.