सुकटीची कढई : शुक्रवारच्या एका कालवणाचा इतिहास

नातेपुते हे गाव सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यात, पुण्याहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीमार्गावर वसले आहे. कोकणचा किनारा येथून दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. अशा गावी शुक्रवारच्या जेवणात समुद्रातील जिन्नस असावा, याचे परक्यास नवल वाटेल. परंतु देशावरच्या बाजारात सुकट पूर्वापार मिळते, आणि तिच्या पसाभर ढिगात आपल्या श्रद्धेचा मोठा इतिहास साठलेला आहे.

सुकट म्हणजे वाळविलेला जवळा, कोळंबीच्या जातीचा इवलासा कवचधारी जीव. वसई, अर्नाळा, सातपाटी या किनाऱ्यावर कोळी बांधव तो डोळ जाळ्याने पकडतात. ताजा जवळा काही तासांतच नासतो, म्हणून तो उन्हात वाळविण्याची रीत पडली. मीठ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून घाटवाटांनी देशावर येत असे. 1863 साली बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला, 1948 साली एस. टी. धावू लागली, आणि हा प्रवास सोपा झाला.

तिचे कालवण अर्ध्या तासाच्या आत होते. सुकट निवडून तव्यावर कोरडीच भाजावी, मग पाण्यातून काढून घट्ट पिळावी. कढईत तेलावर कांदा-लसूण परतून वांग्याच्या फोडी घालाव्यात, त्या मऊ झाल्या की काळा मसाला, सुकट आणि थोडे शेंगदाण्याचे कूट घालून वाफ आणावी. मीठ मात्र चव पाहूनच घालावे. वसईकडे आंबटपणासाठी कैरी किंवा चिंच चालते, देशावर टोमॅटो. वांगे आपल्याच भूमीचे. मिरची मात्र अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांनी आली. ज्यांनी 1534 ते 1739 या काळात वसईवर राज्य केले, त्यांचीच ही देणगी. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आल्यावर या दुष्काळी टापूत भाजीपाला पिकू लागला. ज्वारीची भाकरी सोबत असली की जेवण पूर्ण झाले.

शुक्रवारी मांस वर्ज्य आणि मासळी चालते, असे का? प्रभूने ज्या दिवशी क्रूसावर प्राण अर्पण केला, त्या दिवसाची आठवण म्हणून ख्रिस्तसभेने मांसवर्जनाचा नियम केला. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी या शिस्तीची नव्याने मांडणी केली. 1983 च्या धर्मविधिसंहितेनुसार वयाची 14 वर्षे पूर्ण झालेल्यांस मांसवर्जनाचा नियम लागू होतो. त्याऐवजी प्रायश्चित्ताचे अन्य प्रकार ठरविण्याची मुभा बिशप परिषदांस आहे. जलचर या मांसात मोडत नाहीत. परंतु नियमाचा हेतू साधेपणा हा आहे. मांस टाळले आणि महागड्या पापलेटाची मेजवानी केली, तर अक्षर पाळले गेले, आशय हरवला. सुकटीची कढई हा आशय अधिक चांगला सांभाळते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात, पंख व खवले नसलेले जलचर निषिद्ध ठरविले आहेत. त्या नियमाने आपला जवळा अशुद्धच. मग तो आपल्या ताटात आला कसा? प्रेषितांची कृत्ये, अध्याय दहावा पाहावा. यापो येथे घराच्या धाब्यावर प्रार्थना करताना संत पेत्राला दृष्टान्त झाला. सर्व प्राण्यांनी भरलेली चादर आकाशातून उतरली. देवाने जे शुद्ध केले त्याला अपवित्र म्हणू नकोस, असे त्याला बजाविण्यात आले. त्यानंतर तो कर्नेल्य या परकीय शताधिपतीच्या घरी गेला, आणि कोणाही माणसाला अशुद्ध म्हणावयाचे नाही हा खरा अर्थ त्याला उमगला.

आमच्या समाजास याचे मोल अधिक आहे. सुकट ही गरिबांची मासळी. तिच्या वासावरून घराची जात ओळखणारे आणि नाक मुरडणारे लोक महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले. दुर्दैवाने, एकाच वेदीपाशी गुडघे टेकणाऱ्यांतही तसे नाक कधी कधी मुरडले जाते. त्या क्षणी आपण पेत्राचा दृष्टान्त विसरतो. जेवणाची मोकळीक घेतली आणि माणसाविषयीचा धडा टाकून दिला, असे होता कामा नये.

तथापि मोकळीक म्हणजे बेपर्वाई नव्हे. आषाढात ज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्काम करते. त्या दिवसांत कितीतरी घरी सामिष शिजत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात संत पौल सांगतो, की आपल्या खाण्याने बंधूचे मन दुखावत असेल तर ते खाऊ नये. वारकरी दारावरून जात असता सुकटीची कढई बाजूस ठेवली, तर त्यात आपल्या श्रद्धेस उणेपणा येत नाही. उलट पौलाचा शब्द पाळला जातो.

पेत्राने खाण्याचे स्वातंत्र्य दाखविले, पौलाने ते प्रेमापोटी आवरावयास शिकविले. येत्या शुक्रवारी ही कढई चुलीवर चढेल, तेव्हा मुलाबाळांना या दोन्ही गोष्टी अवश्य सांगाव्यात. आणि शेजारचे कोणी दारी आले, तर त्यासही पाटावर बसवावे.