वहीतला ‘पुरुष’

भाचा वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्याचा हाडांचा संच आमच्या घरी पलंगाखाली असे. एका रविवारी त्यातले मांडीचे हाड काढून मी त्याच्या गोल माथ्याला व्हर्नियर कॅलिपर लावला. माप आले ४५ मिलिमीटर. वहीत लिहिले, ‘पुरुष’.

पुस्तक त्यानंतर उघडले. टी. डी. स्ट्युअर्ट यांच्या १९७९च्या कोष्टकात ४२.५ च्या खाली स्त्री, ४७.५ च्या वर पुरुष, ४३.५ ते ४६.५ अनिश्चित. माझे हाड नेमके त्या पट्ट्यातले. शिवाय कोष्टक अमेरिकी सांगाड्यांवरून केलेले. लहान चणीच्या समाजातले पुरुष त्या मापाने सहज स्त्रिया ठरतात. म्हणून प्रत्येक लोकसमूहाची मापे वेगळी काढावी लागतात, आणि कमरेची हाडे शाबूत असतील तर आधी ती पाहावी लागतात. मूल जन्मण्याच्या वाटेमुळे स्त्रीच्या कमरेच्या हाडांची घडणच निराळी असते.

मग ‘पुरुष’ हा शब्द आला कुठून? सवयीतून. ही सवय माझ्या एकट्याची नव्हे. केनेथ वाइस यांनी १९७२ मध्ये दाखवले, की प्रौढ सांगाड्यांच्या नोंदींत पुरुषांच्या बाजूने सुमारे १२ टक्क्यांचा झुकाव आहे.

स्वीडनमधील बिर्का येथे १८७८ मध्ये ह्याल्मार स्टोल्पे यांनी एक थडगे उघडले. तलवार, कुऱ्हाड, भाले, दोन घोडे. मृत व्यक्ती योद्धा, म्हणजे पुरुष, हे सर्वांनी गृहीत धरले. पुढे अस्थितज्ज्ञांना कमरेची हाडे स्त्रीची दिसली, तरी शंका उरलीच. अखेर २०१७ मध्ये डीएनएने कौल दिला: स्त्री. शतकभर शस्त्रांची साक्ष हाडांहून वरचढ ठरली होती.

आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुले सापडली. वयात येण्याआधी हाडे मुलगा-मुलगी असा भेद नीट दाखवत नाहीत. तिथे कॅलिपर मुका. दातांवरच्या एनॅमलमधील प्रथिनांवरून मात्र हल्ली बालकांचेही लिंग ओळखता येते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या आईबापांनी मुलीला आणि मुलाला सारख्याच मायेने पुरले का, हा प्रश्न त्या वाटेने विचारता येईल.

वहीतला ‘पुरुष’ मी खोडला. तिथे आता ‘अनिश्चित’ आहे.