लवचिक तापविद्युत् पदार्थ

लवचिक तापविद्युत् पदार्थ : तापमानातील फरकापासून वीज देणारे व न मोडता वाकणारे पदार्थ. झेबेक यांनी १८२१ मध्ये नोंदविलेल्या परिणामावर ते आधारलेले आहेत. १९५४ मध्ये पुढे आलेले बिस्मथ टेल्युराइड कार्यक्षम, पण ठिसूळ आहे. सेको कंपनीचे १९९८ मधील मनगटी घड्याळ देहाच्या उष्णतेवर चाले. तथापि त्यातील जनित्र कडकच होते. त्वचा व हवा यांच्या तापमानांतील फरक मुळात थोडा. कडक तुकडा त्वचेला नीट न टेकल्यास तोही वाया जातो. म्हणून संशोधन संवाहक बहुवारिके व पातळ पटले यांकडे वळले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) रासायनिक पद्धतींनी तापविद्युत् पटले बनविण्याचे कार्य झाले आहे. सिल्व्हर सल्फाइड सामान्य तापमानास धातूप्रमाणे वाकते, असे २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी दाखविले. त्यामुळे ठिसूळपणा हा अकार्बनी अर्धसंवाहकांचा अटळ गुणधर्म नव्हे, हे स्पष्ट झाले.