बेशरमचं कुळ

भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांच्या काठाला माणसापेक्षा उंच वाढलेलं एक झुडूप हमखास दिसतं. पानं हृदयाकृती, लांब टोकाची. फिकट गुलाबी फुलं जवळजवळ वर्षभर. गावात त्याला बेशरम म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेले हे माजी मालगुजारी तलाव काही शतकांचे, झुडूप मात्र परमुलखातलं. त्याचं नातंगोतं शोधायचं तर त्याच्या फुलापासून सुरुवात करावी.

देठ मोडला की पांढरा चीक येतो. चीक म्हटला की आधी रुई आठवते. पण रुईची पानं समोरासमोर जोडीने येतात, बेशरमची एकाआड एक. फूल कर्ण्यासारखं, म्हणून धोतऱ्याचा संशय घ्यावा, तर धोतऱ्याला चीक नाही आणि त्याचं फळ काटेरी. आता फूल उभं चिरावं. पाची पाकळ्या जुळून एकच नरसाळं झालेलं, बुडाशी रंग गडद. पाकळ्यांवर मधून कडेपर्यंत गेलेले पाच पट्टे. आत पाच पुंकेसर, सगळे सारख्या उंचीचे नाहीत. वाळलेलं फळ फोडलं तर बियांवर लांब, तपकिरी, रेशमी केस.

पुंकेसर मोजून झाडांचे वर्ग पाडायची रीत कार्ल लिनिअसने रूढ केली. त्याच्या १७५३ च्या ग्रंथात पाच पुंकेसरांच्या हिशेबाने धोतरा आणि गारवेल एकाच गटात बसले. शिकायला ही रीत सोपी, पण तिच्यातून नातं कळत नव्हतं. १७८९ साली पॅरिसच्या आंत्वान लोराँ द ज्युसिय्योने अनेक लक्षणं एकत्र तोलून कुळं मांडली. धोतरा वांगी-मिरचीकडे गेला, गारवेल रताळ्याकडे. बेशरम या दुसऱ्या घरातलं.

त्याचं मूळ अमेरिकेच्या उष्ण प्रदेशात. व्हिएन्नाच्या शाही बागेसाठी झाडं गोळा करायला कॅरिबियन बेटांवर गेलेल्या निकोलाउस याक्विनने १७६० मध्ये ‘आयपोमिया कार्निया’ हे नाव छापलं. पोकळ खोडाचा, ताठ वाढणारा प्रकार १८४५ मध्ये ‘फिस्टुलोसा’ म्हणून वेगळा नोंदला गेला; १९७७ मध्ये डॅनिएल ऑस्टिनने त्याला कार्नियाचीच उपजात ठरवलं. आपल्या तलावांवरचं बेशरम ते हेच. शोभेसाठी आणि कुंपणासाठी ते भारतात लावलं गेलं. फांदीचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी मूळ धरतो, मग तलावाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन त्याला पर्वणीच.

त्याच पाण्यात त्याची सख्खी भावकी राहते: नाळीची भाजी. तिचंही खोड पोकळ, फूलही तसंच गुलाबी नरसाळं. पण ती पाण्यावर पसरते, पेराला मुळं सोडते आणि पान बहुधा बाणाच्या टोकासारखं असतं. ही भाजी ताटात येते. बेशरम मात्र विषारी. शेळ्यांनी ते सतत खाल्लं तर त्यातलं स्वेन्सोनीन त्यांच्या मज्जासंस्थेवर आघात करतं. एवढ्या जवळच्या दोन झाडांत पान ओळखता येणं म्हणूनच मोलाचं.

बेशरमने उथळ काठ व्यापला की देशी पाणवनस्पती हटतात आणि त्यांच्या आधाराने वाढणारे मासेही. त्याची झळ मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाला सोसावी लागते. मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने भंडारा-गोंदियातल्या तलावांवर ढिवर बायाबापड्यांना सोबत घेऊन काम उभं केलं. बेशरम काढायचं, तलावाचा तळ नांगरायचा आणि तिथे देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. कोणती वनस्पती कोणत्या खोलीत रुजते आणि कोणता मासा कशाच्या आडोशाला राहतो, हे ढिवरांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. लागवड त्याच माहितीवर होते.